प्रोसेसर बदलू की मशीनच?

प्रश्न : सदाशिव पेठेत घरीच माझं डीटीपीचं काम चालतं. मशीन डेलचं ऑप्टिप्लेक्स ३०२०, उभा मिनी टॉवर. एका आयटी कंपनीने जुने संगणक काढले तेव्हा घेतलेलं. आत आय३-४१३० प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क आहे. विंडोज १० चालतं. पेजमेकर, श्रीलिपी, कोरल आणि मुखपृष्ठांसाठी फोटोशॉप वापरते. दिवाळी अंकाची पानं सुरू झाली की मशीन अक्षरशः रखडतं. पीडीएफ करायला लावून स्वयंपाकघरात जाऊन चहा करून आले, तरी झालेली नसते. भाचा म्हणतो, आय७-४७९० टाक, वेग चौपट होईल. दुकानदार म्हणतो, हे भंगारात द्या, नवीन घ्या. नवीन घेण्याइतके पैसे आत्ता नाहीत. काय करू?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : ताई, मशीन भंगारात देऊ नका. आणि आय७ही इतक्यात घेऊ नका. मी नारायण पेठेत दुरुस्तीचं टेबल मांडून बसते. गणपती उठले की पेठांमधली डीटीपीची मशीनं माझ्याकडे यायला लागतात आणि तक्रार नेमकी तुमचीच असते. त्यातल्या बहुतेकांत प्रोसेसर कमी पडलेला नसतो. मशीन कशासाठी तरी ताटकळत असतं. ते कशासाठी, एवढं आधी शोधायचं आणि मगच खिशात हात घालायचा.

शोधायला खर्च नाही. पीडीएफ करायला लावा आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्सवर जा. डिस्कचा आकडा १०० टक्क्यांना चिकटून बसला असेल तर हार्ड डिस्क पुरत नाही. मेमरी नव्वदीच्या पुढे असेल तर रॅम पुरत नाही. ४ जीबीमध्ये विंडोज १०, कोरल आणि ब्राउझर एकत्र मावत नाहीत. रॅम भरली की विंडोज त्यातला काही भाग हार्ड डिस्कवर उतरवून ठेवतं आणि लागेल तसा परत उचलतं. म्हणून दोन्ही आकडे जोडीने चढतात. तुमच्याकडे हेच दिसेल अशी माझी जवळजवळ खात्री आहे.

प्रोसेसरचा आकडा मात्र जपून वाचा. आय३-४१३० मध्ये कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग, दोन आहेत, पण हायपरथ्रेडिंगमुळे विंडोजला ते चार दिसतात. पेजमेकर जुन्या काळचा. २००१ साली आलेली सातवी आवृत्ती ही त्याची शेवटची. त्या वेळी घरच्या संगणकात एकच कोअर असायचा, त्यामुळे तो एका वेळी एकाच कोअरवर काम करतो. त्याने एक कोअर पूर्ण पिळून काढला तरी टास्क मॅनेजर २५-३० टक्केच दाखवतो आणि बघणाऱ्याला वाटतं प्रोसेसर आरामात आहे. आलेखावर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसरचे चार वेगळे आलेख काढा. काम या आलेखावरून त्या आलेखावर सरकताना दिसेल, पण चौघांची बेरीज एका आलेखाएवढीच भरेल. असं दिसलं तर पेजमेकरला जास्त कोअर देऊन फायदा नाही, त्याला जास्त वेगाचा कोअर हवा.

आता भाच्याचा चौपट वेग तपासू. तुमचा आय३ कायम ३.४ गिगाहर्ट्झवर चालतो, त्याला टर्बो (गरज पडली की वेग आपोआप चढणं) नाही. आय५-४५९० टर्बोमध्ये ३.७ पर्यंत जातो, आय७-४७९० जास्तीत जास्त ४ पर्यंत. तिन्ही एकाच चौथ्या पिढीचे, आतली रचना तीच. म्हणजे एका कोअरच्या कामात आय५ ने सुमारे ९ टक्के फरक पडेल, आय७ ने १८ टक्क्यांच्या आत. कॅशे (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी) ३ एमबीवरून आय५ मध्ये ६ आणि आय७ मध्ये ८ एमबी होते, तिचा थोडा हातभार लागेल. दहा मिनिटं लागणारी पीडीएफ नवाच्या आसपास होईल. चार कोअरचा खरा उपयोग फोटोशॉपच्या जड फिल्टरना, आणि एकीकडे पीडीएफ होत असताना दुसरीकडे कोरल उघडून काम करायचं असेल तेव्हा. तुमच्या कामात तेही येतं, म्हणून प्रोसेसर बदलायला माझा विरोध नाही. फक्त त्याचा नंबर तिसरा आहे.

पहिला नंबर एसएसडीचा, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या वेगवान डिस्कचा. साधी अडीच इंची साटा एसएसडी घ्या. जुन्या डिस्कवरचं सगळं तिच्यावर जसंच्या तसं उतरवता येतं. त्याआधी तुमच्या सॉफ्टवेअरची लायसन्स डिस्कशी बांधलेली आहेत का, हे विक्रेत्याला विचारा. दिवाळी अंक तोंडावर असताना श्रीलिपी किंवा कोरल उघडेना, असं व्हायला नको. जुनी हार्ड डिस्क पुसू नका, फाइलींचा साठा म्हणून ठेवा.

दुसरा नंबर रॅमचा. तुमच्या बोर्डवर दोन खाचा आहेत आणि दोन्हीत मिळून १६ जीबीपर्यंत बसते. ८ जीबी केलीत तरी फरक जाणवेल. डेस्कटॉपची डीडीआर३, १६०० वेगाची मागा. डीडीआर४ त्या खाचेत बसतच नाही. आणि विंडोज ६४ बिटचं आहे ना, हे सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे बघून घ्या. जुन्या फाँटांच्या सोयीसाठी डीटीपीवाल्यांकडे ३२ बिटचं विंडोज टाकलेलं मी नेहमी बघते. त्यावर कितीही रॅम लावा, ४ जीबीच्या पुढची वापरली जात नाही.

एवढं करून दोन-चार दिवस काम करा. पीडीएफचा वेळ तुम्हाला चालण्यासारखा झाला तर थांबा. अजून हवं असेल तर प्रोसेसरकडे वळू.

इथे कंपनीचं तयार मशीन आणि सुटे भाग आणून जोडलेलं मशीन यात मोठा फरक आहे. सॉकेट, म्हणजे बोर्डवरची प्रोसेसर बसायची जागा, जुळलं की प्रोसेसर चालेल, ही समजूत तयार मशीनमध्ये धोक्याची आहे. सॉकेट फक्त चिप बसते की नाही एवढंच सांगतं. ती ओळखायची की नाही, हे मदरबोर्डचा चिपसेट (बोर्डवरच्या भागांची आपसातली जोडणी सांभाळणारी चिप) आणि कंपनीने लिहिलेला बायोस (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम) ठरवतात. तुमच्या मशीनचं सॉकेट एलजीए ११५०, चिपसेट एच८१. हे मॉडेल डेलने पेंटियम, आय३ आणि आय५ घालून विकलं. त्या यादीतलाच प्रोसेसर घ्यायचा, असं माझं स्पष्ट मत आहे. आय७ घालून चालवणारे लोक आहेत, पण तुमच्या कामात आय५ पेक्षा त्याने जे जास्त मिळेल त्यासाठी यादीबाहेर जाण्यात अर्थ नाही. जुन्या बाजारात आय७ ला मागणी असते, त्यामुळे तो महागही पडतो.

तर आय५-४५७० किंवा आय५-४५९०. पहिला २०१३चा, दुसरा २०१४चा. ४५९० घेणार असाल तर बायोस आधी अद्ययावत करावा लागेल, आणि तो जुना आय३ आत असतानाच. मशीनच्या मागे सात अक्षर-अंकांचा सर्व्हिस टॅग आहे, तो डेलच्या साइटवर टाकला की तुमच्याच मॉडेलचा बायोस मिळतो. बायोस लिहिला जात असताना वीज गेली तर मदरबोर्ड उठत नाही. यूपीएसशिवाय हे काम करू नका, आणि यूपीएसची बॅटरी किती तग धरते हे त्याआधी पाहून ठेवा.

विजेचं आणि उष्णतेचं गणित बसतं. आय३-४१३० हा ५४ वॉटचा, हे दोन्ही आय५ ८४ वॉटचे. तुमच्या टॉवरमधला पॉवर सप्लाय २९० वॉटचा असतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर तेवढा भरपूर झाला.

विकत घेताना नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा, सगळी फसगत तिथेच होते. आय५-४५७० मध्ये चार कोअर आहेत. आय५-४५७०टी मध्ये दोनच. नाव आय५, चार आकडेही तेच, फक्त मागे ‘टी’ लागलेला आणि वेगही कमी. तुमचा आय३ काढून तो घातलात तर पैसे पाण्यात. ‘के’ लागलेले प्रोसेसर वेग चढवण्यासाठी असतात, तुमच्या बोर्डवर त्याचा उपयोग नाही. कुणी स्वस्तात झिऑन ई३-१२३१ देऊ केला तर घेऊ नका, त्याच्या आत ग्राफिक्सच नाही, पडदा काळा राहील. पाचव्या पिढीचे थोडे प्रोसेसर ११५० सॉकेटचे आहेत, पण ते एच८१ वर चालत नाहीत. विक्रेत्याकडून चिपच्या धातूच्या झाकणावरच्या छापाचा फोटो मागवा, नंबर स्वतः वाचा आणि निदान आठवडाभराची परत घेण्याची हमी घ्या. जुना प्रोसेसर घ्यायला घाबरू नका. तो सहसा बिघडत नाही, त्याच्या कितीतरी आधी बोर्ड आणि पॉवर सप्लाय जातात.

बसवायचं काम घरी होण्यासारखं आहे, पण घाई चालत नाही. आधी मशीन पाच-दहा मिनिटं चालू ठेवा म्हणजे प्रोसेसर आणि त्यावरचं हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) यांच्यामधली जुनी, सुकलेली थर्मल पेस्ट जरा मऊ होते. मग बंद करा, वायर काढा आणि चालू करायचं बटण काही क्षण दाबून उरलेली वीज जाऊ द्या. हीटसिंकचे स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे सैल करा. स्क्रू सुटले की हीटसिंक किंचित फिरवून उचला, वर ओढू नका. मग सॉकेटची दांडी खाली दाबून बाजूला घेऊन उचला. झाकण उघडेल, प्रोसेसर कडेने धरून सरळ वर काढा.

आता श्वास रोखून धरायची जागा आली. या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डला असतात; ११५० बारीक पिना, केसासारख्या. स्क्रू पडला, बोट लागलं, प्रोसेसर तिरका टेकला तर पिना वाकतात आणि बोर्ड गेल्यात जमा. माझ्याकडे ‘प्रोसेसर बदलल्यापासून चालू होत नाही’ म्हणून जी मशीनं येतात, त्यांत मी सगळ्यात आधी भिंग घेऊन हेच बघते. प्रोसेसरच्या कोपऱ्यात सोनेरी त्रिकोण आहे आणि कडेला दोन खाचा, त्या सॉकेटशी जुळवा आणि प्रोसेसर नुसता ठेवा. तो आपल्या वजनाने बसतो. बोटाने दाबायचा नाही. दांडी लावताना मात्र जोर लागतो, करकर आवाजही येतो, त्याने बिचकू नका.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडाने दोन्हीकडून पुसा. तपकीर गल्लीत हे अल्कोहोल आणि पेस्टची ट्यूब दोन्ही मिळतं. नवीन पेस्ट मधोमध, मटारच्या लहान दाण्याएवढी. जास्त लावून थंडावा वाढत नाही. हीटसिंकच्या पात्यांत धुळीचा नमदा झाला असेल तर तो आत्ताच काढा, पुण्यातल्या रस्त्याकडेच्या घरांत तो होतोच. स्क्रू पुन्हा समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. पंख्याची वायर लावायला विसरू नका.

चालू केल्यावर एफ२ दाबून बायोसमध्ये जा आणि प्रोसेसरचं नाव वाचा. मग विंडोजमध्ये एचडब्ल्यूमॉनिटरसारखा प्रोग्रॅम लावून अर्धा तास काम करा. तापमान ९० च्या वर चढून तिथेच राहत असेल तर पेस्ट किंवा हीटसिंक नीट बसलेलं नाही. तसंच रेटू नका, उघडून परत बसवा.

दिवाळी अंकाच्या धामधुमीत यातलं काहीही करू नका. पानं छापखान्यात गेली की करा. आत्ता करायचंच असेल तर फक्त रॅम लावा, ते पाच मिनिटांचं काम आहे.

प्रश्न : माझ्याकडे एचपीचा प्रोडेस्क आहे, आय५-६५०० प्रोसेसर. विंडोज ११ त्याला चालत नाही असं दाखवतं, कारण प्रोसेसर जुना. सॉकेट एलजीए ११५१ आहे. आठव्या पिढीचा आय५-८४०० पण ११५१चाच आहे आणि जुना मिळतोय. तो घातला तर विंडोज ११ होईल ना? सोसायटीचा हिशेब आणि बँकेची कामं याच मशीनवर करतो.
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : घेऊ नका. मशीन चालूच होणार नाही.

सहाव्या आणि सातव्या पिढीचं सॉकेट ११५१, आठव्या आणि नवव्याचंही ११५१, पण ऑक्टोबर २०१७ मध्ये आठवी पिढी आली तेव्हा इंटेलने पिनांची वाटणी बदलली आणि तिला ३०० मालिकेतला चिपसेट सक्तीचा केला. तुमचा बोर्ड त्याआधीचा. चिप खाचेत बसेल, म्हणून विकणाराही प्रामाणिकपणे ‘बसतो’ म्हणेल. बसणं वेगळं आणि चालणं वेगळं.

तुमच्या बोर्डवर आय७-६७०० चालण्यासारखा आहे. चार कोअर, आठ थ्रेड आणि तुमच्या आय५ सारखाच ६५ वॉटचा, म्हणजे पॉवर सप्लायवर ताण नाही. एचपीने तुमच्या नेमक्या मॉडेलला सातव्या पिढीसाठी बायोस दिला असेल तर आय७-७७०० सुद्धा. पण मायक्रोसॉफ्टची विंडोज ११ साठीची इंटेलची यादी, एखाददुसरा अपवाद सोडला तर, आठव्या पिढीपासून सुरू होते. तेव्हा ज्यासाठी खर्च करताय तेच मिळणार नाही. आणि सोसायटीच्या हिशेबाला आय५-६५०० आजही पुरून उरतो.

तुमची खरी अडचण वेगाची नाही, सुरक्षेची आहे, आणि ती मनावर घ्या. विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे, सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरून तिच्यात नाव नोंदवता येतं आणि ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. ते आजच करा. तेवढ्या काळात आठव्या पिढीचा, टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) असलेला, ऑफिसातून निघालेला डेस्कटॉप बघून ठेवा. हिंजवडी-खराडीकडच्या कंपन्या ठरावीक वर्षांनी मशीनं बदलतात आणि ती पुण्याच्या बाजारात येतात, आय५-८५०० वाली बरीच दिसतात. प्रोसेसरसाठी काढलेले पैसे त्यात घाला. तुमची रॅम डीडीआर४ असेल आणि दोन्ही मशीनच्या खाचा सारख्या आकाराच्या असतील तर ती आणि एसएसडी नव्या मशीनमध्ये नेता येईल.

तपासणी चुकवून विंडोज ११ बसवून देणारे लोक भेटतील. पोराच्या खेळाच्या मशीनवर कुणी तसं केलं तर मी काही म्हणणार नाही. शंभर घरांचा पैसा ज्या मशीनवरून फिरतो, त्यावर ते करू नका. उलट जुन्या प्रोडेस्कवर लिनक्स मिंट टाका. ब्राउझर, लिब्रेऑफिस, मराठी टायपिंग सगळं नीट चालतं आणि अपडेटही येत राहतात. तुमचा हिशेब टॅलीत असेल तर मात्र विंडोजच लागेल.

प्रश्न : ब्रँडेड डेस्कटॉपचा पंखा आवाज करत होता म्हणून दुकानातून नवीन कूलर बसवून घेतला. आता रोज चालू करताना पंख्याची चूक दाखवून एफ१ दाबायला सांगतो. पंखा तर व्यवस्थित फिरतोय. प्रोसेसरला धोका आहे का?
– एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर : पंखा फिरतोय आणि तापमान आटोक्यात आहे, तोवर प्रोसेसरला धोका नाही. काही कंपन्यांच्या बोर्डवर पंख्याची जोडणी पाच पिनांची असते, बाजारातले पंखे चार पिनांचे. उरलेल्या पिनेवरून बोर्ड आपलाच पंखा आहे का हे ताडतो आणि नाही म्हटलं की अडून बसतो. काही मशीनमध्ये बायोसमधून ही सूचना बंद करता येते, पण ती बंद करू नका. उद्या पंखा खरोखर थांबला तर सांगणारं कुणी उरणार नाही. जुना कूलर दुकानदाराकडून परत मागा. आवाज बहुतेक वेळा पंख्यात साठलेल्या धुळीचा किंवा झिजलेल्या बेअरिंगचा असतो. धूळ असेल तर साफ करून तोच लावा. बेअरिंग गेलं असेल तर पंख्याच्या मागच्या कागदावरचा पार्ट नंबर घेऊन तोच पंखा शोधा. जुन्या मशीनचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे तो मिळतो.

*प्रश्न पाठवताना मशीनचं पूर्ण मॉडेल, प्रोसेसरचा नंबर शेवटच्या अक्षरासकट, रॅम किती आणि किती खाचांत, आणि मशीनवर रोज काय काम करता हे लिहा. शक्य असेल तर काम रखडलेलं असताना टास्क मॅनेजरचा फोटो जोडा.*